इनास सर काय धरून चालले होते

इनास सरांनी मला एक सवय लावून ठेवली आणि स्वतः निघून गेले. पेपरात वाचलं की अमुक झालं म्हणून तमुक झालं, की माझा चहा गार व्हायला लागतो. कशावरून? मधल्या काळात आणखी काय काय बदललं? लिहिणारा काय धरून चालला आहे? घरातली माणसं वैतागतात. नवरा परवा म्हणाला, "तुला नुसतं 'आज उकडतंय' म्हटलं तरी तू पुरावा मागशील." मागत नाही, पण मनात येतं. हे दुखणं सरांकडून आलेलं आहे आणि त्यावर औषध नाही.

इनास रॉड्रिक्स मालवणात आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. अर्थशास्त्र विभागात आम्ही दोघंच. ते विभागप्रमुख आणि मी विभाग. मी कट्टा गावाहून एसटीनं यायची, ते समुद्राकडच्या वाडीतून एका खडखडणाऱ्या स्कूटरवरून. उंच, काटकुळे, शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि दुसरी अर्ध्यावर सोडून दिलेली, कारण दुमडताना मधेच काहीतरी सुचलेलं असायचं. बुटांत नेहमी वाळू. स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीत ते स्वतः क्वचितच बसले. तिथे त्यांची पिशवी बसायची आणि सर खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी असे हिंडत बोलायचे. बोलता बोलता निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याच्या मधल्या शब्दापासून पुढे सुरू करायचे. आपण आदल्या दिवशी कुठे होतो ते आपणच आठवून ठेवायचं.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "एम.ए.ला कुठल्या पेपरात जास्त मार्क?" मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता त्यातलं तुम्हाला न पटलेलं काय, ते सांगा." मला न पटलेलं काहीच नव्हतं. पटवून घेतलं म्हणून तर मार्क मिळाले होते. "सावकाश शोधा," ते म्हणाले आणि तासाला गेले. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी ते विचारायचे, "सापडलं?" मला नोकरी सोडावीशी वाटली होती.

प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला सर फळ्यावर एकच ओळ लिहायचे: इतर परिस्थिती कायम राहिल्यास. मागणीच्या नियमाच्या आधी पाठ्यपुस्तकात ही ओळ असतेच. मुलं ती पाठ करतात आणि पुढे जातात. सर पुढे जाऊ द्यायचे नाहीत. उद्या येताना आपापल्या गावात कालपासून आजपर्यंत काय काय बदललं त्याची यादी घेऊन या, म्हणायचे. मुलांना वाटायचं सर थट्टा करतायत. मग याद्या यायच्या. आमची म्हैस व्याली. शेजारच्या काकांनी बोलणं टाकलं. धामापूरच्या एका मुलीनं लिहिलं होतं, तलावाचं पाणी एक पायरी खाली गेलं. सर सगळ्या याद्या मोठ्यानं वाचायचे, खोलीभर फिरत, आणि शेवटी म्हणायचे, "हे सगळं तुम्ही एका हातानं दाबून धरलंय असं समजा. म्हैस, काका, तलाव, सगळं. हात जरा सैल झाला की नियम गेला. आता सांगा, हात किती दुखेल?"

त्या धामापूरच्या मुलीचं नाव मंजिरी. तिच्यावरून एकदा गंमत झाली. सर पुरवठ्याचा नियम शिकवत होते, भाव वाढला की पुरवठा वाढतो. मंजिरी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, देवगडचा आंबा झाडावर आधीच लागलेला असतो. भाव वाढला म्हणून नवीन कसा लागेल?" सरांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, की हा अल्पकाळ झाला, दीर्घकाळाचं वेगळं. ती बसली. तो शनिवार होता. रविवारी चर्चमधून सर घरी न जाता थेट धामापूरला. मंजिरीचे वडील काजूच्या बागेत होते. कॉलेजचे सर घामाघूम होऊन चढणीवरून येताना पाहून त्यांच्या हातातला कोयता खाली पडला.

"काय झाला, सर? चेडवान काय केल्यान?"

"तिना काय नाय केल्यान. मीच केलंय. काल वर्गात चुकीचा सांगलंय."

वडिलांनी कोयता उचलला. मग ते म्हणाले, "सोमवारी सांगला असतास तरी चालला असता मा."

"सोमवारपर्यंत तिच्या डोक्यात चुकीचाच रवला असता," सर म्हणाले आणि मंजिरीला हाका मारायला लागले.

झालं होतं असं, की चर्चमध्ये मिस्साच्या वेळी सरांच्या लक्षात आलं, मुलीचा प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता. भाव चढा असला की बागायतदार घाई करून कोवळा आंबा उतरवतो, म्हणजे आजच्या वाढलेल्या भावामुळे पुढच्या आठवड्याचा पुरवठा घटतो. पुस्तकातला नियम चुकत नव्हता, पण मुलगी ज्या झाडाकडे बोट दाखवत होती त्या झाडावर तो बसत नव्हता. "तू विचारलंस आंब्याचं, मी उत्तर दिलं पुस्तकाचं," ते तिला म्हणाले. मंजिरीनंच मला हे सांगितलं. ती आता बँकेत आहे आणि अजून कुणाचं उत्तर पहिल्या झटक्यात मान्य करत नाही, त्यामुळे तिच्या शाखेत तिला फारसं कुणी विचारत नाही.

सरांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. सिद्धांत सांगायचा असला की स्वच्छ पुस्तकी मराठी आणि शंका आली की मालवणी. व्याख्यान ऐकता ऐकता "म्हणून आपण असे गृहीत धरू की" पर्यंत सगळं सरळ चालायचं आणि मग एकदम, "पन तसा खंय आसता?" त्यानंतर तास कुठे जाईल याचा भरवसा नसायचा. मुलांना तेवढाच भाग आवडायचा. मला आवडायचा नाही. सिलॅबस मी एकटीनं पुरा करायची.

त्यांच्या घरी ताजे मासे येत नसत, हे ऐकून मालवणातली माणसं हसायची. सर मासळीच्या लिलावात भाव कसा ठरतो याचा अभ्यास करत होते आणि जिथे बघायचं तिथे आपण विकत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. बाकी सगळ्या गावानं आणलं तरी सरांनी आणायचं नाही. त्यांची बायको मार्थाबाय हे सगळं मला सुकट निवडता निवडता सांगायची.

"सगळो गाव सुरमय खाता आनि आमी सुकट. कित्याक, तर ह्यांच्या एका पिशयेन मालवणचो भाव हलतलो."

सर आतून ओरडायचे, "हलूचो नाय, ह्या माका म्हायत आसा. पन जो बघूक जाता तेना मधे हात घालूचो नाय."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. रापणीचं प्रकरण आलं आणि गंमत संपली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याचे दोन दोर दोन बाजूंनी वाळूवर येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून तास दीड तास ओढत असतात. जाळं काठाला लागलं की मोठे मासे विकायला बाजूला जातात आणि कालवणापुरत्या मासळीचे वाळूवर वाटे घालतात. दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा. सरांच्या वाडीतल्या रापणीचा प्रमुख बाबी तांडेल, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. आणि तिथे रोज यायची भागीकाकी. तिचा नवरा त्याच रापणीत जन्मभर दोर ओढून गेला. मूलबाळ नाही. तिच्या अंगात दोर ओढण्याचं त्राण नव्हतं. जाळं काठाशी येत आलं की ती खाली वाकून दोराला नुसती बोटं टेकवायची आणि होडीच्या सावलीत जाऊन बसायची. बाबी तिच्या टोपलीत वाटा टाकायचा.

न ओढणाऱ्याला वाटा का? सरांना या एका प्रश्नानं पछाडलं. त्यांनी तो आधी घरात बसून सोडवला. म्हणजे फिरून. माणूस आपलं हित पाहतो, हे धरून चालू. आज दोर ओढणारा प्रत्येक जण उद्या म्हातारा होणार, त्याची बायको मागे राहणार, हे त्यालाही ठाऊक आहे. तेव्हा आज म्हातारीला दिलेले चार बांगडे हे दान नाही, त्यानं स्वतःच्या म्हातारपणासाठी भरलेला विम्याचा हप्ता आहे. एका पायरीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. हे निगमन. मग त्यावरून त्यांनी एक भाकीत काढलं: तसं असेल तर मासा कमी मिळालेल्या दिवशीही म्हातारीचा वाटा चुकता कामा नये, कारण विमा अडचणीच्याच दिवसासाठी असतो. आता हे तपासायला हवं. तिथून विगमन, म्हणजे पाहून, नोंदवून निष्कर्ष काढणं, सुरू झालं.

दोन हंगाम सर रोज सकाळी वही घेऊन किनाऱ्यावर उभे राहिले. कुणाला किती, मासा किती पडला, वारा कुठचा, सगळं लिहिलं. सुट्टीत मला घेऊन गेले आणि दुसरी वही माझ्या हातात दिली, आपलं लिहिलेलं एकट्याचं नको म्हणून. बाबी आम्हाला पाहून म्हणायचा, "इले, बुकवाले इले." आणि खरंच, मासा कमी पडला त्या दिवशीही भागीकाकीच्या टोपलीत काही ना काही पडलं. एकदाही चुकलं नाही. सरांनी लेख लिहिला. अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात तो छापून आला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा तो एकच लेख. अंक हातात आला त्या दिवशी सर पिशवी बाजूला ठेवून खुर्चीत बसले आणि पाच मिनिटं बसून राहिले.

त्याच हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवस घरात. नवव्या दिवशी ते किनाऱ्यावर गेले तेव्हा भागीकाकी होडीच्या सावलीतून म्हणाली, "सर, खंय होतास? आठ दिस तुमी नाय नि आठ दिस माज्या टोपात मासो नाय."

ती तक्रार नव्हती. आपुलकीनं म्हणाली बिचारी. सर त्या दिवशी कॉलेजात आले ते तसेच माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मी शिकवत होते. "मॅडम, जरा बाहेर या," म्हणाले. चेहरा उतरलेला. मला वाटलं घरात कुणाचं काही झालं.

मग आम्ही दोघं बाबीकडे गेलो. तो जाळं सांधत बसला होता. सरांनी विचारलं, त्यानं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटतच नव्हतं.

"सर, तुमी लिवतास. तुमचा छापान येता. वाडयेचा नाव बुकात जातला. म्हातारेक रिकामी धाडली असा थंय वाचूक गावला तर लोक काय म्हणतले?"

"म्हणजे तू माका बघून तिका वाटो दितंस?"

"तसा न्हय. तुमी नसलास तरी कदी दितंय, कदी ऱ्हवता. गडबडीत ऱ्हवता, सर. तुमी आसलास काय मात्र इसरणंय नाय."

"आनि ह्या आठ दिसांत?"

"ह्या आठ दिसांत मासोच खंय होतो?" बाबी म्हणाला आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला.

परतताना सर स्कूटर हातानं ढकलत चालत होते. सुरू करायचं त्यांना सुचलं नाही. "बघा," ते म्हणाले, "ताप आला आणि त्याच आठवड्यात मासाही आटला. दोन गोष्टी एकदम बदलल्या. आता वाटा बंद झाला तो माझ्यामुळे की माशामुळे?" थोडं पुढे जाऊन थांबले. "गो, माशे विकत घेवक नाय मी. हात घालूचो नाय म्हणान. आनि दोन वर्सां थंय वही घेवन उबो." मीही शेजारी वही घेऊन उभी होतेच की.

उपाय उघड होता आणि तो मीच मूर्खासारखा बोलून दाखवला. "सर, आपण महिनाभर जायचं नाही. मासा भरपूर पडतो त्या दिवसांत कुणाकडून तरी विचारून घ्यायचं. कळेल." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पाय मागे घ्यावासा वाटला. "आणि माझी शंका खरी ठरली तर?" ते म्हणाले. "महिनाभर तिनं काय खायचं? माझा निष्कर्ष?"

तरी एकदा त्यांनी प्रयत्न केला. मार्थाबायनं सांगितलं. सकाळी सात वाजता म्हणाले, आज जाणार नाही, एकच दिवस. पडवीत फेऱ्या घालायला लागले. साडेसातला बूट घातले आणि काढले. पुन्हा घातले. पावणेआठला स्कूटर सुरू होईना म्हणून तशीच टाकून पळत सुटले, पन्नाशी उलटलेला माणूस, हातात वही. पोचले तोवर जाळं काठाला लागत होतं. बाबीनं त्यांना धापा टाकताना पाहिलं आणि भागीकाकीची टोपली पुढे ओढली. म्हणजे त्या दिवशीही काही कळलं नाही.

त्यानंतर सरांनी संपादकांना पत्र लिहिलं. माझ्या निरीक्षणांवर माझ्याच हजेरीचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, तो किती हे मला सांगता येत नाही, सबब माझा लेख मागे घेतल्याचे जाहीर करावे. कॉलेजची तपासणी तोंडावर आली होती आणि छापलेल्या लेखांना त्यात गुण होते. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मीही बाहेर बसले होते, दार उघडंच होतं.

"शक्यता आहे म्हणून कुणी लेख मागे घेतं का हो, रॉड्रिक्स? असं म्हटलं तर सगळ्यांचेच मागे घ्यावे लागतील."

"घ्यावे," सर म्हणाले.

प्राचार्य हसले नाहीत. सरांची बढती तिथेच अडकली. मला सरांचा राग आला होता, तो आज कबूल करते. सोडून द्यायला काय हरकत होती? कुणाचं नुकसान होत होतं? मला तर ते पत्र म्हणजे वेगळाच अहंकार वाटला, चूक कबूल करण्याचा अहंकार. मी तसं त्यांना म्हटलंही. ते दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. पण त्यावरून लेख बरोबर ठरत नाही." अशा माणसाशी भांडता येत नाही.

रापणीवर जाणं मात्र थांबलं नाही. निवृत्त झाले तरी रोज सकाळी वही घेऊन तिथे. मी एकदा वहीत डोकावले. तारखा होत्या फक्त. पुढे काही नाही. लिहिण्याचं नाटक करायचे, पेन हलवायचे. बाबीच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तो सगळं बघणारा माणूस. आता, सर लिहीत नाहीत हे ठाऊक असूनही बाबी वाटा देत होता, हे तरी कशामुळे? सवयीनं, सरांच्या भिडेनं, म्हातारीच्या मायेनं? सर मला फोन करून हा प्रश्न विचारायचे, दर आठवड्याला नवीन उत्तर घेऊन, आणि पुढच्या आठवड्यात तेच उत्तर मोडून. मी जेवायला वाढता वाढता "हो सर, असेल सर" म्हणायची. कंटाळा यायचा. आता वाटतं, नीट ऐकायला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात सरांच्या हृदयाचं दुखणं निघालं. गोव्याला ऑपरेशन ठरलं. आधी आठवडाभर तिथेच ठेवून घेणार होते. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पडवीत होते, उभेच.

"मी आता असा नाही तर तसा, रापणीवर नसणारच," ते म्हणाले. "भागीकाकीचं जे व्हायचं ते माझ्या हट्टानं होणार नाही. मग निदान कळू दे. मासा चांगला पडेल असा एक दिवस बघा आणि जा. वही नको. बाबीला दिसता कामा नये. वाटे घालून पूर्ण होईपर्यंत थांबा. पूर्ण होईपर्यंत."

मी तीन सकाळी गेले. सुरूच्या झाडांआड उभी राहिले, चोरासारखी. पहिले दोन दिवस जाळ्यात काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी बांगडा मिळाला, भरपूर. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलेलं. सरांना हवा होता तसाच दिवस, माणसं तीच, मासा भरपूर, फक्त सर नाहीत. भागीकाकीनं दोराला बोटं टेकवली आणि होडीपाशी जाऊन बसली, टोपली पुढ्यात. बाबी वाटे घालत निघाला. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. भागीकाकीच्या समोरून तो पुढे गेला. तिच्याकडे बघितलं नाही. ढिगात अजून निम्मे बांगडे होते, शेवटी देणार असेल. असेलही. भागीकाकीनं टोपली जरा स्वतःकडे ओढून घेतली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. एवढंच केलं तिनं. मी झाडाआडून बाहेर आले.

बाबीनं मान वळवली. "मॅडम इलास?" म्हणाला आणि ओंजळभर बांगडे तिच्या टोपलीत टाकले.

दुपारच्या गाडीनं मी गोव्याला गेले. सर पलंगावर उशीला टेकून होते, हाताला सुई, त्यामुळे हिंडता येत नव्हतं आणि म्हणून बोटं चादरीवर चालवत होते. मार्थाबाय स्टुलावर. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. सर ताठ बसले.

"किती वाटे घालून झाले होते?"

"निम्मे असतील."

"बाबीचा हात आधी ढिगाकडे गेला की आधी त्यानं तुम्हाला पाहिलं?"

"आठवत नाही, सर."

"आठवत नाही?" इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "एक दिवस मिळाला होता. जन्मात एकच, सगळं जागच्या जागी असलेला. दोन मिनिटं थांबायचं होतं. तुम्हाला पाठवलं कशाला होतं मी?"

मार्थाबाय म्हणाली, "हळू. दाक्तरान काय सांगल्यान?" मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सर, तो तिच्या समोरून पुढे गेला. ती नुसती बसून होती. तुम्ही थांबला असतात?"

सरांनी मान वळवली. खिडकीबाहेर गाड्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. नर्स आली, सकाळी किती वाजता आत नेणार ते मार्थाबायला सांगून गेली. मग त्यांनी विचारलं, "बांगडे कसले होते? बारीक?"

"नाही. चांगले मोठे होते."

"आनि फाल्यां?"

उद्याचं ऑपरेशन म्हणत असतील असं मला वाटलं. मी म्हटलं, "उद्या मी पहाटेच्या गाडीनं येते, सर. तुम्हाला आत न्यायच्या आधी पोचेन."

"हंय येवन काय करतलंस? हंय दाक्तर आसत." त्यांनी सुई नसलेला हात उचलला आणि चादरीवरच मला किनारा काढून दाखवायला लागले, इथे होडी, इथे दोर, इथे बाबी. "फाल्यां तू थंय जा. वही घेवन जा. आनि झाडाआड नको, हंय, होडयेच्या तोंडाशी. बाबीक दिसशीत अशी उबी रव."

बोट चादरीवर त्या जागी टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला समजलंय की नाही ते बघायला. मी मान हलवली. मी पाहिलेले सर ते शेवटचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेत असतील त्या वेळी मी होडीच्या तोंडाशी कोरी वही उघडून उभी होते. वारा होता, पानं धरून ठेवावी लागत होती. जाळं काठाला लागलं. बाबीनं मला पाहिलं, आजूबाजूला सर दिसतात का तेही पाहिलं, आणि पहिला वाटा भागीकाकीला घातला.